घरी जाणारा कागद मराठीत हवा

महोदय,

सासूबाईंना अर्धांगवायूचा झटका येऊन डावी बाजू लुळी पडली. ठाण्यातल्या एका रुग्णालयातून घरी सोडताना मिळालेल्या कागदावर ऑक्युपेशनल थेरपीच्या, म्हणजे रोजची कामं रुग्णाला पुन्हा जमावीत यासाठीच्या उपचारांच्या, रकान्यात एवढंच होतं : 'एडीएल – मॉड ए. ट्रान्सफर – मॅक्स ए. पीआरओएम, बी.डी.'

मी दिवसभर नोकरीवर. त्यांच्याजवळ असतात त्या कळव्याहून येणाऱ्या मावशी. त्या मराठी पेपर रोज वाचतात, पण या कागदाचं त्यांनी काय करायचं?

थेरपिस्टबाईंना विचारल्यावर त्यांनी नीट समजावलं. एडीएल म्हणजे जेवण, अंघोळ, कपडे, संडास ही रोजची कामं. मॉड ए म्हणजे निम्मा किंवा त्याहून थोडा जास्त जोर रुग्णाचा, उरलेला आपला. ट्रान्सफर म्हणजे रुग्णाला एका जागेवरून दुसऱ्या जागी हलवणं. तिथे मॅक्स ए, म्हणजे रुग्णाकडून निम्माही जोर येत नाही. म्हणून पलंगावरून कमोडच्या खुर्चीवर बसवायला आमच्याकडे दोन माणसं हवीत, मावशींनी एकटीनं ते करायचं नाही. कपड्यांचं मात्र उलट. तिथे आपण हात आखडता घ्यायचा. ब्लाउजची बाही आधी डाव्या हातात, काढताना तो हात शेवटी, आणि उजव्या हातानं त्यांना जमेल तेवढं त्यांनाच करू द्यायचं, कितीही वेळ लागो. आपल्याकडे आजारी माणसाला भरवण्यातच माया मानतात, म्हणून हे कोणी बजावल्याशिवाय पाळलं जात नाही.

पीआरओएम म्हणजे सांधे दुसऱ्यानं हलवून द्यायचे, बी.डी. म्हणजे दिवसातून दोनदा. पण लुळा हात ओढला तर खांदा निखळू शकतो. 'हात धरून उठवू नका' ही ओळ त्या कागदावर सगळ्यात आधी हवी होती.

ओपीडीच्या गर्दीत थेरपिस्टनी आपल्या फायलीत ही अक्षरं जरूर लिहावीत, पुढच्या थेरपिस्टला त्यांतून सगळं कळतं. घरी जाणारा कागद निराळा. ऑक्युपेशनल थेरपीचं देशातलं पहिलं शिक्षण १९५० साली इथून जवळच, मुंबईच्या केईएम रुग्णालयात कमलाबाई निंबकरांनी सुरू केलं. एवढ्या वर्षांत एक छापील मराठी तक्ता व्हायला हरकत नव्हती. ठाणे महापालिकेनं तो आपल्या रुग्णालयांपासून सुरू करावा, खासगी रुग्णालयांनीही उचलावा. रकाने चारच : काम कोणतं, रुग्णानं किती करायचं, मदतीला माणसं किती, काय करायचं नाही. थेरपिस्टनी नुसत्या खुणा केल्या तरी भागेल. टाइप मात्र मोठा ठेवा, सांभाळणाऱ्यांनाही चाळिशी लागलेली असते.

– एक वाचक, ठाणे पूर्व