पस्तिशीच्या आत कुणीतरी सांगा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

दहावी-बारावीचे निकाल लागले की पेपरात ‘पुढे काय?’ म्हणून पानं येतात. इंजिनिअरिंग, फार्मसी, आयटीआय, नर्सिंग, सगळ्यांची माहिती आणि शेजारी सतरा-अठरा वर्षांच्या मुलीचा हसरा फोटो. त्यात एक ओळ कधी ठळक दिसत नाही. त्या ओळीपायी माझ्या थोरल्या जाऊबाईंचं नर्स व्हायचं राहिलं, माझं जेमतेम वाचलं.

ती ओळ अशी: इंडियन नर्सिंग कौन्सिलच्या नियमाप्रमाणे जीएनएमला, म्हणजे नर्सिंगच्या डिप्लोमाला, प्रवेश घेताना वय १७ ते ३५ लागतं. एएनएम या त्याहून लहान नर्सिंग कोर्सलाही तेच. आधीच एएनएम झालेल्यांना जीएनएमसाठी वयाची अट नाही; बाकी सगळ्यांना पस्तीस म्हणजे पस्तीस.

मी बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातली, जांबोटी भागातली. एसएसएलसी, म्हणजे दहावी, मराठी माध्यमातून केली, तीन वर्षं घरी काढली, मग लग्न. मालक बेळगावात उद्यमबागेत फौंड्रीत आहेत. मुलगी पहिलीत गेल्यावर मी आशा कार्यकर्ती झाले. बाळंतिणीबरोबर रात्री-अपरात्री आरोग्य केंद्रात जायचं, लहान मुलांच्या लसीच्या याद्या करायच्या, आणि कोरोनात तर दारोदार. तिथल्या सिस्टरनी एकदा बाळाला पुसायला माझ्याकडे दिलं आणि माझे हात बघून म्हणाल्या, “तू नर्सिंग का करत नाहीस?” लगेच दुसरा प्रश्न, “वय किती?” तेव्हा मला ३३ चालू होतं. पस्तिशीची अट आहे हे त्या दिवशी पहिल्यांदा कळलं.

बारावी मी आधीच केली होती, बाहेरून बसून, आर्ट्स घेऊन. घरी कुणाला फारसं सांगितलंही नव्हतं. पण एका कॉलेजच्या ऑफिसात मला “सायन्स पाहिजे” म्हणून परत पाठवलं, आणि मी खुळी परतही आले. बी.एस्सी. नर्सिंगला सायन्स लागतं, जीएनएमला कुठल्याही शाखेची बारावी चालते. इंग्रजीत आणि एकूणात ४० टक्के हवेत. हे दुसऱ्याच कुणाकडून कळेपर्यंत एक वर्ष गेलं. २०२१ साली प्रवेश मिळाला तेव्हा मी ३४ पूर्ण केली होती. फॉर्म भरायला जाऊबाईही आल्या होत्या. बारावीला त्यांना माझ्यापेक्षा जास्त मार्क. त्यांना ३६ लागलं होतं. बाई परतीच्या बसमध्ये खिडकीबाहेर बघत बसल्या, कुसमळीचा पूल येईपर्यंत एक शब्द बोलल्या नाहीत.

आत्ती, म्हणजे सासूबाई, म्हणाल्या, “शाळंला पोरगी जायची का आई?” दोघी गेलो. ती नववीला, मी जीएनएमच्या पहिल्या वर्षाला. आशाचं मानधन थांबलं, दोन म्हशींच्या दुधावर भागवलं. पुस्तकं सगळी इंग्रजीत. अ‍ॅनाटॉमीतली हाडांची नावं मी दूध डेअरीच्या जुन्या कार्डांच्या मागे लिहून भाकरी थापताना समोर टेकवून ठेवायची. फीमर, टिबिया, फिब्युला, वर पिठाचे ठसे. उच्चार मुलीनं दुरुस्त करायचे. वर्गातल्या मुली मला अक्का म्हणत, एकदोघी तर काकू.

एका गोष्टीत मात्र त्या माझ्या मागे पडल्या. ५०० मिलिलिटर सलाइन सहा तासांत द्यायचं, सेट एका मिलिलिटरला २० थेंबांचा, तर मिनिटाला थेंब किती? मुली मोबाइल काढत. मी डेअरीवर फॅट-डिग्रीचे हिशेब तोंडी केलेली बाई. दहा हजार थेंब भागिले तीनशे साठ मिनिटं, अठ्ठावीस.

वॉर्डात गेल्यावर दुसरीच शाळा सुरू झाली. शाळेत शिकलेल्या कन्नडात मी “एल्लि नोवु?”, कुठं दुखतंय, असं विचारायची. सौंदत्तीकडची एक आजी सारखं “ब्यानि, ब्यानि” म्हणत राहिली. मला वाटलं कुणाला तरी हाक मारते. बैलहोंगलची एक मैत्रीण हसून म्हणाली, अक्का, ब्यानि म्हणजे दुखणंच. त्या दिवसापासून मी तिच्याकडून वहीत शब्द लिहून घ्यायला लागले, पुस्तकातले नव्हे, बायकांच्या तोंडातले.

उलटंही झालं. कणकुंबीकडची एक म्हातारी ओटीपासून पाठीपर्यंत हात फिरवत सांगत होती, “दुखत नाही गं बाय, चमक निघते नि मग आग सुटते.” कागदावर दुखत नाही एवढंच आलं होतं. ठणका वेगळा, कळ वेगळी, रग वेगळी, चमक वेगळी. हे आपल्या बायकांना समजवावं लागत नाही, पण केसपेपरवर सगळ्याचं एकच ‘पेन’ होतं. मी डॉक्टरांना तिचं वाक्य मोडक्या कन्नडात जसंच्या तसं सांगितलं. त्यांनी पुन्हा तपासलं. दोन दिवसांनी पाठीवर एका बाजूला फोडांची ओळ उठली, नागीण होती. खानापूरच्या डोंगरातून येणाऱ्या म्हाताऱ्यांना असं बोलता येईल अशी एखादी बाई प्रत्येक वॉर्डात असावी, आणि सौंदत्तीच्या म्हातारीसाठीही. सीमाप्रश्नाचं काय व्हायचं ते होईल, पोटात ढवळत असलेला माणूस तोवर थांबत नाही.

बसचं एक सांगायला हवं. पहिली दोन वर्षं पासाचे पैसे जड जायचे. ११ जून २०२३ पासून बायकांना फुकट बसप्रवासाची शक्ती योजना आली आणि कंडक्टर शून्य रुपयाचं तिकीट हातात द्यायला लागला. कर्नाटक सरकारचं कौतुक करताना आमच्या भागात जीभ जरा अडखळते, पण नाइट ड्युटी करून बसमध्ये झोपलेल्या बाईला ते तिकीट काय होतं हे मला माहीत आहे.

आता मी पास झाले, नोंदणी झाली, नोकरी लागली. गावातल्या चार-पाच जणी विचारायला येतात. वय आणि बारावी हे दोन प्रश्न झाले की मी त्यांना सांगते, पैसे भरण्याआधी कॉलेजला कर्नाटक राज्य नर्सिंग कौन्सिलची मान्यता आहे का ते बघा, गोड बोलणाऱ्या एजंटाच्या भरवशावर राहू नका. त्यातली एक ३२ वर्षांची आहे, दहावीवर थांबलेली. तिला बाहेरून बारावी करून यायला वेळ तंतोतंत पुरतो. एक वर्षही कुणी चुकीचं सांगितलं तर संपलं.

म्हणून विनंती एवढीच. पुढच्या मे-जूनमध्ये नर्सिंगची माहिती छापाल तेव्हा ‘वय ३५ पर्यंत’ आणि ‘जीएनएमला आर्ट्सही चालते’ या दोन ओळी जाड अक्षरात घाला. करिअरच्या पानावर नको, ते पान आमच्याकडे मुलं घेऊन बसतात. राशिभविष्याच्या शेजारी छापा. ते दुपारी भांडी घासून झाल्यावर सगळ्या जणी वाचतात.

आपली,
एक स्टाफ नर्स
जांबोटी भाग, ता. खानापूर, जि. बेळगाव
(नोकरी नवी आहे, कृपया नाव छापू नये.)