त्रिमूर्ती चौकातल्या दुकानवाल्या दादांना थँक्यू, जरा उशिराच

दादा, ओळखलंत का माहीत नाही. गेल्या पावसाळ्यात रेनकोटच्या आत आठ इंची टॅब लपवून नाशिकच्या सिडकोत तुमच्या दुकानात आलेला, सातपूर एमआयडीसीत स्टोअरला असलेला, तोच मी. त्या दिवशी तुम्ही पैसे घेतलेच नाहीत, वर चहाही पाजलात, म्हणून निदान लिहून तरी सांगतो.

टॅब सेकंडहँड, ३ हजाराचा. ॲटम प्रोसेसर, २ जीबी रॅम, ३२ जीबी स्टोरेज. आमच्या स्टॉकच्या एक्सेल शीटमध्ये मॅक्रो (आपोआप काम करणारे छोटे प्रोग्राम) आहेत आणि ते मोबाईलच्या एक्सेलमध्ये चालत नाहीत, लॅपटॉपला पैसे नव्हते, म्हटलं ह्यात विंडोज आहे ना मग झालं काम. कसलं काय! शीट उघडेपर्यंत चहा गार व्हायचा, सी ड्राइव्ह लालेलाल, ७०० एमबी शिल्लक, अपडेट अर्ध्यातच मरायचं. तुमच्याआधी एका दुकानात दाखवला तर तो म्हणे १५०० द्या, रॅम वाढवून देतो. हे ऐकून तुम्ही जे हसलात ना... "अहो, रॅम बोर्डलाच सोल्डर केलेली असते ह्यात, वाढवणार कशी, चमच्याने ओतणार?" हा डायलॉग मी आमच्या अख्ख्या स्टोअरला ऐकवलाय.

मग तुम्ही ती कॉम्पॅक्ट ओएसची कमांड मारली, विंडोजच्याच फायली दाबून बसवल्या आणि दीडेक जीबी मोकळी झाली, जुन्या अपडेटचा कचरा काढला, मेमरी कार्ड एनटीएफएसमध्ये, म्हणजे विंडोजच्या स्वतःच्या फाइल पद्धतीत, फॉरमॅट करून दिलं. काही सॉफ्टवेअर इन्स्टॉलच का होत नाहीत तेही तुमच्याकडूनच कळलं, प्रोसेसर ६४ बिटचा पण बायोस (टॅब चालू करणारं आतलं सॉफ्टवेअर) ३२ बिटचं, त्यामुळे विंडोज पण ३२ बिटचीच, तिच्यावर ६४ बिटची सॉफ्टवेअर चालत नाहीत. चार्जिंगचं तर विचारूच नका, मी नवीन चार्जर घ्यायला निघालेलो आणि तुम्ही टॅब बंद करून टूथपिकने पोर्टमधून खिशातल्या कापसाची ही एवढी गोळी काढलीत!

शेवटी मी लाजत लाजत विचारलं, गेम चालतील का हो? जीटीए ५ म्हटल्यावर तुम्ही नुसतं बघितलंत माझ्याकडे. ४ जीबी रॅम लागते, ६४ बिट विंडोज लागते, आणि गेमच तुमच्या टॅबच्या स्टोरेजच्या दुपटीहून मोठा आहे, म्हणालात. पण कमांडोज चालेल, १९९८ चा आहे. घेतला जीओजी ह्या गेम विकणाऱ्या साइटवरून, टाकला कार्डावर, आणि पळतो की राव! बोटाने मात्र खेळवत नाही, राइट क्लिकला बोट दाबून धरेपर्यंत गेममधला जर्मन सैनिक गोळी घालून मोकळा. तुम्ही सांगितलं तसा ब्लूटूथ माउस घेतला, एकच पोर्ट आहे ना, तो चार्जिंगला मोकळा राहतो. गरम झाला की मंदावतो, पंखा नाही त्याला, म्हणून आता गादीवर न ठेवता स्टीलच्या ताटावर ठेवतो, बायको हसते, हसू दे.

आणि हो, ऑक्टोबर २०२५ मध्ये विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट संपला, म्हणून बँकेचं काम त्यावर करत नाही, लक्षात आहे.

रविवारी येतोय. मिसळ माझ्याकडून, नाही म्हणायचं नाही. आणि हल्ली १८ टक्क्यांवर असतानाच एकदम बंद पडतो, तेवढं बघा, ह्या वेळी पैसे घ्या मात्र.