पाळकांची बदली मृगात नको, पाडव्याला करा

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

खेड्यात राहून काम करणाऱ्या मिशनरी दांपत्यावर कुठे काही छापून आलं की पहिल्या दोन ओळींतच ‘त्याग’ येतो, मग कौलारू घराचा फोटो आणि शेवटी वंदन. त्यागाचं राहू द्या, आम्हाला वेळापत्रकाबद्दल लिहायचं आहे. विदर्भातल्या बऱ्याच ख्रिस्ती मंडळ्यांमध्ये (चर्चमध्ये) पाळकांच्या, म्हणजे पाद्र्यांच्या, बदलीचे आदेश मेअखेर निघतात आणि पाळक, बायको-पोरं, दोन पेट्या व गॅसची टाकी घेऊन जूनच्या दुसऱ्या आठवड्यात नव्या गावात उतरतात. मुलांची शाळा हे कारण सांगितलं जातं. पण उन्हामुळे आपल्याकडच्या शाळा राज्याच्या इतर भागांपेक्षा उशिरा, जूनच्या उत्तरार्धात उघडतात. तोवर मृग लागून पंधरा दिवस झालेले असतात.

हा काळ नव्या माणसाने गावात शिरायला सर्वांत वाईट. वखरणी संपून पेरणी तोंडावर आलेली, बियाण्या-खताला पैसा गेलेला, पाऊस आला तर घाई आणि नाही आला तर घोर. ‘या, बसा’ म्हणायला कुणाला सवड नसते. पाठोपाठ डवरणी, निंदण, फवारणी, सोयाबीनची सोंगणी. नव्या पाळकाला लोकांची नावं नीट पाठ होईपर्यंत दिवाळी येते. याउलट गावाचं स्वतःचं वर्ष गुढीपाडव्याला बदलतं. सालगड्याचा करार त्याच दिवशी होतो, जुना सुटतो, नवा लागतो. चैत्र-वैशाखात माणूस संध्याकाळी ओट्यावर, खाटेवर सापडतो. पाळकाचं सालही तेव्हाच का लागू नये?

धर्मांतराच्या वादावर हे पत्र नाही. त्या वादाला आपल्या पानांत भरपूर जागा मिळते. बहुतेक गावांत पाळक येतो तो दोन-तीन पिढ्यांपासून ख्रिस्ती असलेल्या मोजक्या घरांसाठी, आणि उरलेल्या गावाचा तो शेजारी होतो. त्याचा दिवस कसा जातो, हे त्याला पाठवणाऱ्यांनाही नेमकं ठाऊक नसतं, म्हणून थोडं तपशिलात सांगतो.

कापूस वेचणीच्या दिवसांत, म्हणजे दसरा-दिवाळीपासून पुढे, बाई पहाटे साडेचार-पाचला उठते. पाणी, भाकरी, डबे आटोपून, दहिवर वाळेपर्यंत तिला पऱ्हाटीत पोचायचं असतं. मजुरी किलोवर असते. संध्याकाळी कापूस काट्यावर मोजून, गाठोडी बैलगाडीत टाकून ती घरी येते तेव्हा सहा वाजलेले असतात. मग चूल. साडेसातच्या आत भेटीला येणारा पाळक तिचा स्वयंपाक खोळंबवतो आणि नऊनंतर येणारा तिची झोप घालवतो. राहिला दीड तास. त्यात दोन घरं नीट होतात, तीन होत नाहीत. कार्यालयाच्या अहवालात ‘आठवड्यात तीस भेटी’ असा रकाना असतो. तो भरणारा एक तर दारातून हात हलवून पुढे जातो किंवा आकडा लिहिताना डोळे मिटतो.

दुपारी बारा ते तीन गावात म्हातारी माणसं, आजारी आणि बाळंतिणी एवढेच असतात. ही वेळ प्रामुख्याने पाळकाच्या बायकोची. तिथे उपदेशाला फारसा वाव नसतो. बीपीच्या, शुगरच्या गोळ्यांच्या पाकिटावर सकाळसाठी सूर्य आणि रात्रीसाठी चंद्र काढून देणं, संपत आलेली गोळी ओळखून उपकेंद्रातून आणवणं, बधिर फिकट चट्टा दिसला तर न लाजवता तपासणीला पाठवणं, ही खरी कामं. कुष्ठरोगाचा औषधोपचार मोफत आहे, प्रकारानुसार सहा किंवा बारा महिने चालतो, आणि मध्येच सुटतो तो बहुधा कामासाठी गाव सोडल्यावर. चहाचंही सांगून ठेवतो. पाच घरं म्हणजे पाच चहा. ‘नको’ चालत नाही, ‘अर्धा कप, बिनसाखरेचा’ चालतो. हे पहिल्याच आठवड्यात जाहीर करावं, नंतर केलं तर लोकांना राग आल्यासारखं वाटतं.

हिवाळ्यात पुरुष रात्री घरी नसतात. हरभऱ्याला रानडुकरं आणि रोही (नीलगायी) लागतात म्हणून जागलीला जावं लागतं, आणि कृषिपंपाची लाइन रात्रपाळीची असेल तर ओलीतही रात्रीच. त्या आठवड्यात पुरुषांची प्रार्थनासभा ठेवून ‘लोकांत उत्साह नाही’ असं लिहिणं बरोबर नाही. आधी लाइनचं वेळापत्रक विचारावं. पावसाळ्यात तेच उलट. झड लागली की तीन-तीन दिवस शेतात पाय घालता येत नाही, अख्खं गाव घरात. भेटींसाठी वर्षातले सर्वांत चांगले दिवस ते, आणि नेमके त्याच दिवशी नवे पाळक छत्री शोधत घरात बसतात.

रविवारी गावचा बाजार असेल तर अकराच्या उपासनेला सतरंज्याच हजर असतात. मजुरीचा हिशेब बाजाराच्या दिवशी होतो, आठवड्याचं तेल-मीठ त्याच दिवशी. अशा गावात सकाळी साडेसात-आठ किंवा शनिवारी रात्री उपासना ठेवावी. संध्याकाळच्या वेळेबाबत दुसरं भान हवं. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांची सामुदायिक प्रार्थना वऱ्हाडात कितीतरी गावांत रोज होते, कुठे हरिपाठ असतो, विहारात वंदना असते. त्याच वेळी आपला भोंगा सुरू करणाऱ्याने पुढच्या दोन वर्षांचं शेजारपण एका संध्याकाळीत घालवलं म्हणून समजा. भोंगा मुळात लागतच नाही. वीस-पंचवीस माणसांना टाळ आणि खंजिरी पुरते.

वाहनाचं. मिशनकडून दुचाकी मिळते, तिचा पुढचा मडगार्ड चाकाला अगदी लागून असतो. पांदणीतल्या काळ्या चिखलात शंभर पावलांत तिथे माती दाबून बसते आणि चाक फिरेनासं होतं. जोर लावला की क्लच जळतो. डांबरी रस्त्यावर गाडी ठेवून अनवाणी चालत जाणं हाच उपाय. आणि नाल्याला पाणी असेल तर थांबायचं. नागपुरात १८४५ मध्ये येऊन मिशनचं काम उभं करणारे स्टीफन हिस्लॉप ४ सप्टेंबर १८६३ रोजी टाकळघाटहून परतताना नाल्याच्या पुरातच गेले. ज्यांच्या नावाने नागपुरात कॉलेज आहे त्यांना पावसाळ्यातला नाला चकवू शकला. पुलावरून पाणी वाहत असताना ‘घुडघाभरच आहे’ म्हणणाऱ्याच्या मागे जाऊ नये.

आता पाळक आणि त्याची बायको या दोघांपैकी एकाने गावात का राहावं ते. जुलैअखेरपासून ऑक्टोबरपर्यंत फवारणी चालते. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक शेतकरी-मजूर दगावले, शेकडो दवाखान्यात होते. ज्या घरात एक शिकलेला माणूस आणि एक चालू फोन आहे, तिथेच लोक आधी धावतात. तेव्हा हे पाठ हवं: लाळ सुटणं, घाम, उलटी, बाहुली टाचणीच्या टोकाएवढी होणं, मांस फडफडणं. माणसाला वाऱ्यावर आणा, कपडे सगळे काढा, साबण-पाण्याने केस आणि नखांसकट धुवा. धुणाऱ्याने हातात प्लास्टिकच्या पिशव्या चढवाव्यात, नाहीतर दुसरा रोगी तयार होतो. उलटी करवू नका, दूध-लिंबू पाजू नका. औषधाची बाटली रोग्यासोबत पाठवा. डॉक्टर उपचार ठरवतात ते त्यावरचं नाव वाचून. १०८ ला फोन करताना गावाचं नाव सांगून थांबू नये, फाट्याचं नाव सांगावं.

सापाचंही तसंच. मण्यार रात्री, जमिनीवर झोपलेल्याला चावते. दुखत नाही, खूणही दिसत नाही. पहाटे पोटात दुखतं, पापण्या जड होतात, बोलणं अडखळतं. ‘गॅस झाला असेल’ म्हणून दोन तास गेले की संपलं. दोरी आवळू नका, कापू नका, हातपाय हलू न देता न्या, आणि सर्पविषावरची लस ज्या दवाखान्यात आहे तिथेच न्या; हे आधी, पावसाळा लागताना, जाऊन विचारून ठेवायचं असतं. इथे पाळकावर विशेष जबाबदारी आहे, कारण काही घरांत लोक त्यालाच मांत्रिकाच्या जागी बसवू पाहतात. साप, विंचू, कुत्रा चावलेल्याला उपचारापासून अडवून मंत्रतंत्रावर ठेवणं हा २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा आहे. प्रार्थना गाडीत बसूनही करता येते.

घराचा प्रश्न कुणी विचारत नाही, पण भांडणं त्यावरच होतात. काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसून हात जाईल एवढ्या भेगा पडतात. पाया खाली मुरमापर्यंत नेला नसेल तर तीन पावसाळ्यांत खिडकीच्या कोपऱ्यापासून तिरपी भेग निघते. दरवर्षी ती सिमेंटने बुजवायला मंडळी वर्गणी काढते आणि दरवर्षी ती परत येते. भेग बुजवण्यापेक्षा पन्हाळीचं पाणी भिंतीपासून लांब काढावं आणि घराभोवती तीनेक फूट मुरूम दाबून फरशी टाकावी, म्हणजे भिंतीखालची माती एकदम ओली-कोरडी होत नाही. कबरीलाही हीच माती. पावसाळ्यात खड्ड्याच्या कडा ढासळतात, तळाला पाणी येतं. दोन फळ्या, चार बल्ल्या आणि दोन बादल्या आधीच मंडळीच्या खोलीत ठेवाव्यात; दुःखाच्या घरातून बादली मागायला जाणं बरं दिसत नाही. आणि पुढच्या वर्षी माती खचणार, ती भरायला कुणाला तरी आठवण हवी.

दानाची गोष्ट. पैसा गावात येतो तो सोयाबीन आणि कापूस विकल्यावर. आषाढ-श्रावणात दानपेटीत नाणीच असतात. बारा समान हप्त्यांचं अंदाजपत्रक म्हणूनच कागदावर राहतं. कापणीचा सण ऑक्टोबरात ठेवण्याची रीत दुसऱ्या मुलखातली आहे. इकडे जानेवारीत, तूर निघाल्यावर ठेवला तर वेदीपुढे तूर, कापूस, वांगी, कोंबडा सगळं येतं आणि लिलावही चढतो. कापूस मात्र त्याच आठवड्यात विकावा. सभागृहात गंजी लावून भाव वाढायची वाट पाहिली की अंगाला खाज सुटते, एक ठिणगी पुरते, आणि वजन घटतं ते वेगळंच. तूर कडक उन्हात दोन-तीन दिवस वाळवून, चाळून, कोरड्या टाकीत भरावी. ओल राहिली तर होळीपर्यंत भुंगा. उसनवारीबाबत एकच नियम टिकतो: रोख कुणालाच नाही, धान्य गरजेप्रमाणे. एकाला हजार दिले की दुसऱ्याला न दिल्याचं कारण सांगावं लागतं.

एवढं सगळं वाचल्यावर लक्षात आलं असेल की यातलं निम्मं, काही गावांत निम्म्याहून जास्त, काम बायको करते. ती दुपारच्या भेटी करते, बायकांची सभा घेते, पोरांना रविवारी शिकवते, पाहुण्यांना जेवू घालते आणि नवरा बैठकीला जिल्ह्याला गेला की रात्री दार उघडणारीही तीच. नेमणुकीच्या कागदावर मात्र तिचं नाव ‘कुटुंब’ या शब्दात असतं. मानधन एक, प्रवासभत्ता एक, आणि नवरा अकाली गेला तर घर महिन्याभरात रिकामं करायचं. तिला स्वतंत्र नेमणूक आणि स्वतंत्र मानधन द्या. जिथे दोघांचं परवडत नाही तिथे निदान तिला आठवड्यातून दोन-तीन दिवस बाहेर नोकरी करायची परवानगी लेखी द्या. तोंडी परवानगी नव्या अध्यक्षांबरोबर बदलते.

यवतमाळात १९५३ मध्ये सुरू झालेली युनियन बिब्लिकल सेमिनरी, म्हणजे पाळक तयार करणारी शाळा, १९८३ मध्ये पुण्याला गेली. यवतमाळात असताना विद्यार्थ्याला कापसाची गाडी दारावरून जाताना दिसे. आता शहरात शिकलेल्या जोडप्याला हे सगळं इथे येऊन शिकावं लागतं, आणि ते ज्यांच्याकडून शिकायचं ती माणसं जूनमध्ये शेतात असतात. म्हणून मागणी एवढीच: बदलीचे आदेश फेब्रुवारीत काढा, घराच्या किल्ल्या पाडव्याला द्या, आणि जुन्या-नव्या जोडप्याला पंधरा दिवस एकत्र राहू द्या. मुलांची परीक्षा आडवी येत असेल तर पाळकाने पाडव्याला यावं, बाकीच्यांनी परीक्षा आटोपून.

आपले,
खेड्यातल्या मंडळीचं काम जवळून पाहिलेले काही वाचक,
यवतमाळ जिल्हा

ता. क. लग्नसराई तोंडावर आहे म्हणून: १८७२ च्या भारतीय ख्रिस्ती विवाह कायद्यानुसार, काही अपवाद सोडले तर, लग्न सकाळी सहा ते संध्याकाळी सात या वेळेतच लावता येतं. आपल्याकडे वरात बँडसमोर नाचत साडेसातला मांडवात येते. पत्रिकेत सकाळी दहा छापा, म्हणजे एकला तरी लागेल. आणि सही करणारे दोन साक्षीदार वरातीत नाचायला पाठवू नका.