सतराचा पाढा

सातारा,
रविवार, रात्री साडेनऊ

चि. बाळ यास अनेक उत्तम आशीर्वाद.

आज दुपारी फोनवर तू घाईघाईत सांगितलेस की बारा दिवस न चुकता रोज तीन किलोमीटर पळूनही वजन जेमतेम चारशे ग्रॅमने उतरले, डावी नडगी सकाळी उठल्याबरोबर ठणकते, आणि पळणे बहुधा आपल्या प्रकृतीला मानवत नाही. त्यावर मी ‘बरं, बघू’ एवढेच म्हणालो, कारण तुझ्यामागे कुणीतरी सारखा हॉर्न वाजवत होते आणि इकडे माझ्या डोक्यात आकडेमोड सुरू झाली होती. पतसंस्थेत ३१ वर्षे खतावण्या तपासलेल्या माणसाला आकडा कानावर पडला की तो जुळवून पाहिल्याशिवाय झोप येत नाही, हे तुला ठाऊक आहेच. ती आकडेमोड कागदावर उतरवता उतरवता इतरही काही सुचत गेले, म्हणून हे पत्र.

प्रथम तुझे चारशे ग्रॅम. सपाट रस्त्यावर एक किलोमीटर पळताना माणसाच्या वजनाच्या दर किलोमागे ढोबळमानाने एक किलोकॅलरी खर्च होते, मग तो जोरात पळो की रेंगाळत पळो, त्यात फारसा फरक पडत नाही. तुझे वजन ९१ किलो, म्हणजे बारा दिवसांच्या ३६ किलोमीटरांचा खर्च झाला सुमारे ३,२७५ किलोकॅलरी. अंगावरची एक किलो चरबी उतरायची तर सुमारे ७,७०० किलोकॅलरी खर्ची पडाव्या लागतात. भागाकार केलास तर सव्वाचारशे ग्रॅम येतात. तुझ्या काट्याने एका पैचीही लबाडी केलेली नाही. (अंगातल्या पाण्यामुळेच वजन एका दिवसात किलोभर खालीवर होत असते, तेव्हा हिशोब इतका चोख जुळणे हा योगायोगच म्हणायचा, पण हिशोबनिसाच्या नशिबी असे योगायोग फार थोडे येतात, म्हणून मी तो वाया जाऊ दिला नाही.)

आता याच्या शेजारी दुसरा आकडा ठेवून पाहा. मी पळायला लागलो त्या वर्षी आपल्या घरात दोन माणसांना महिन्याला तीन किलो गोडेतेल लागत असे. तुझ्या आईला हे मान्य नव्हते, म्हणून एक महिनाभर मी पिशवी फोडल्याची तारीख कॅलेंडरवर लिहून ठेवली. तीन किलो म्हणजे माणशी रोज ५० ग्रॅम, आणि तेलाच्या एका ग्रॅममध्ये नऊ किलोकॅलरी, म्हणजे रोजच्या साडेचारशे किलोकॅलरी नुसत्या फोडणीतून पोटात जात होत्या. आईने आधी दोन दिवस अबोला धरला, मग पळीने तेल ओतणे सोडून पोह्याच्या चमच्याने घालायला सुरुवात केली, आणि चार महिन्यांत आमचा खप निम्म्यावर आला. तेवढ्याने रोज सव्वादोनशे किलोकॅलरी वाचल्या. तुझ्या वजनाच्या माणसाला तेवढ्यासाठी रोज अडीच किलोमीटर पळावे लागेल, तेही नडगी शाबूत असेल तर. आमटीच्या चवीबद्दल मी इथे काही लिहीत नाही, कारण हे पत्र पाकिटात घालण्यापूर्वी ती वाचणार आहे.

तेव्हा वजनाचा मोठा भाग स्वयंपाकघरात आणि तुझ्या बाबतीत रात्री साडेदहाला दारात येणाऱ्या पार्सलात उतरेल, आणि पळण्याचा उपयोग उतरलेले पुन्हा चढू न देण्यासाठी होईल. हेही मी फुशारकीने सांगत नाही. पळू लागल्यापासून चौदा महिन्यांत माझे वजन ८३ वरून ७५ वर आले, आणि त्याच्या पुढच्याच वर्षी आठवड्याला पंचवीस किलोमीटर पळत असूनही ते दोन किलोंनी वाढले. कारण शोधायला डॉक्टरांकडे जावे लागले नाही. पळून झाल्यावर आम्ही सहाजण पोवई नाक्याजवळच्या गाड्यावर थांबत असू, आणि ‘आज घाम गाळलाय’ या सबबीखाली प्रत्येकी दोन वडापाव आणि वर एक गोड चहा होत असे. मैदानाच्या दाराशी कारल्याचा आणि दुधीचा रस विकणारा एक माणूस बसतो. आमच्यापैकी दोघे आधी तो रस घेत आणि मग वडापाव खात, म्हणजे जमेची आणि नावेची बाजू एकाच पानावर.

आता नडगीकडे येतो, कारण मला खरी काळजी तिची आहे. तू परवा अभिमानाने पाठवलेल्या चित्रात तीन किलोमीटरला अठरा मिनिटे दिसत होती. गेली आठ वर्षे ज्याने खुर्चीवरून लिफ्टपर्यंत आणि लिफ्टपासून गाडीपर्यंतच प्रवास केला, अशा ९१ किलोच्या माणसाने पहिल्या पंधरवड्यात, तेही रोज, किलोमीटरला सहा मिनिटांनी पळणे मला बरे वाटत नाही. एकेका पावलागणिक पायावर अंगाच्या वजनाच्या दोन-अडीच पट भार येतो, आणि तीन किलोमीटरांत तशी अडीच-तीन हजार पावले पडतात. छाती आणि दम यांना थोड्या आठवड्यांतच सराव होतो. हाडे आणि स्नायूबंध यांना कित्येक महिने लागतात. म्हणून मनाला वाटते की जमते आहे, आणि नडगी नाही म्हणते.

हे मला माहीत आहे, कारण मीही हेच केले होते. शिबिरात रक्तदाब १५० आणि ९६ निघाला तेव्हा मी ५३ वर्षांचा होतो. दुसऱ्याच दिवशी पहाटे शाहू स्टेडियमवर गेलो. पोलीस भरतीची तयारी करणारी पंधरावीस मुले तिथे सराव करत होती. त्या मुलांना सोळाशे मीटर पळायचे असते, पाच मिनिटे दहा सेकंदांच्या आत पोहोचले तर पैकीच्या पैकी गुण, आणि त्या गुणांवर घरची शेती, बहिणीचे लग्न, सगळेच अवलंबून असते. त्यामुळे ती मुले पळत नाहीत, सुटतात. पहिल्या फेरीत ती माझ्या बाजूने निघून गेली तेव्हा त्यातला एक ‘काका, साईड’ असे अगदी नम्रपणे म्हणाला. त्या नम्रतेनेच माझा घात केला. मी त्यांच्यामागे लागलो, शे-दोनशे मीटर गेलो, कठड्याला धरून उभा राहिलो, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच केले. तिसऱ्या आठवड्यात नडगीच्या आतल्या कडेने अशी कळ येऊ लागली की जिना उतरताना मी आडवा उतरत असे. अस्थिरोगतज्ज्ञांनी क्ष-किरण चित्र काढून हाड शाबूत असल्याचे सांगितले आणि विश्रांती घ्यायला लावली. विश्रांती मी सहा आठवड्यांची घ्यायची ती सहा महिन्यांची घेतली, कारण एकदा लाज वाटली की पुन्हा मैदानाकडे पाऊल वळत नाही.

पुन्हा सुरुवात झाली ती सैन्यातून निवृत्त झालेल्या एका सुभेदारांमुळे. ते मैदानाच्या कडेकडेने इतके सावकाश पळत असत की भराभर चालणाऱ्या बायका त्यांना मागे टाकून जात. त्यांनी मला एकच गोष्ट शिकवली. पळताना सतराचा पाढा मोठ्याने म्हणायचा. सतरा दाहे एकशेसत्तरपर्यंत मध्ये धाप न लागता पोहोचता आले तर वेग बरोबर, आणि ‘सतरा त्रिक एक्कावन्न’वरच श्वास तुटला तर वेग कमी करायचा, कुणी पाहत असले तरी. मी पहिल्या दिवशी चोकच्या पुढे गेलो नाही. डॉक्टरही हेच वेगळ्या शब्दांत सांगतात, की नवशिक्याने सोबतच्या माणसाशी पूर्ण वाक्यात बोलता येईल अशा वेगाने पळावे. त्या हिशोबाने तुझा वेग किलोमीटरला साडेआठ-नऊ मिनिटांवर येईल. तो तुला अपमानास्पद वाटेल. मलाही वाटला होता.

नडगीची दुखरी जागा आज रात्री नीट चाचपून पाहा. कळ आतल्या कडेने बोटभर-वीतभर पसरलेली असेल आणि चालता चालता कमी होत असेल, तर पंधरा दिवस पळणे पूर्ण बंद ठेवून नुसते चालणे पुरेसे ठरते. उलट एका ठिकाणी बोट ठेवल्यावर नेमके तिथेच दुखत असेल, किंवा झोपेत, बसल्या जागीही ठणकत असेल, तर हाडाला बारीक चीर असण्याची शक्यता असते. मग माझ्या पत्रावर विसंबू नकोस आणि त्याच दिवशी डॉक्टरांना दाखव. तिथे गेलाच आहेस तर रक्तदाब आणि साखरही तपासून घे. आपल्या घराण्यात रक्तदाब माझ्यापासून सुरू झालेला नाही. आणखी एक शंका आहे. तू सोसायटीच्या आवारात फेऱ्या मारतोस, त्या नेहमी एकाच दिशेने मारतोस का? आखूड फेऱ्यांत एकाच बाजूला वळत राहिले की एका पायावर ताण जास्त येतो, आणि तुझी एकच नडगी दुखते आहे. शिवाय खाली सिमेंट. बाणेरच्या टेकडीच्या पायथ्याशी मातीची वाट आहे, तिथे गाडीने जावे लागले तरी जा. मात्र टेकडी चढून उतारावरून पळत येण्याचा मोह इतक्यात नको, उतारात नडगीला जास्त मार बसतो.

नडगी शांत झाल्यावर आठवड्यातून तीनच दिवस पळायचे, मध्ये एकेक दिवस सोडून. जॉश क्लार्क नावाच्या अमेरिकन माणसाने १९९६ साली नवशिक्यांसाठी नऊ आठवड्यांचा एक आराखडा तयार केला, तो आज जगभर वापरतात. त्याच्या पहिल्या आठवड्यात पाच मिनिटे भराभर चालून झाल्यावर एक मिनिट पळणे आणि दीड मिनिट चालणे, असे वीस मिनिटे करायचे असते. एवढेच. तुला ते पोरकट वाटेल. तरीही पहिले तीन आठवडे मुकाट्याने कर, आणि एखाद्या आठवड्याशी जमले नाही तर तोच आठवडा पुन्हा कर. मधल्या दिवशी जिन्याच्या पायरीवर चवड्यांवर उभे राहून टाचा पंधरा वेळा सावकाश वर-खाली करायच्या, असे दोनदा, म्हणजे पोटऱ्यांना बळ येते. बारा हजारांच्या बुटांबद्दल मी काही बोलणार नाही असे आईला वचन दिले आहे. फक्त एवढेच लिहितो की चांगले बूट पाचशे ते आठशे किलोमीटर टिकतात, आणि त्यांचे आतापर्यंत ३६च झाले आहेत, तेव्हा वसुली बरीच बाकी आहे.

गुडघे झिजतील अशी भीती आईला कुणी शेजारणीने घातली आहे. निरोगी गुडघे बेताने पळण्याने झिजत नाहीत. त्यांना जास्त जाच वाढलेल्या वजनाचा होतो, असे तिला मी सांगितले. तिला ते पटले आहे की नाही, हे शनिवारी जेवताना कळेल.

काटा मात्र महिनाभर कपाटात ठेवून दे. त्याऐवजी शिवणाच्या मशीनजवळची टेप आई तुझ्याकडे पाठवते आहे. दर रविवारी सकाळी उपाशीपोटी, पोट आत न ओढता, बेंबीच्या रेषेत माप घे आणि वहीत लिही. आपल्याकडच्या पुरुषांसाठी ९० सेंटिमीटरची मर्यादा सांगतात. माझे सुरुवातीला १०१ होते, आज ८९ आहे. रक्तदाबाची गोळी अजून चालू आहे, पण अर्धी झाली.

इथल्या यवतेश्वर घाटातली अर्धमॅरेथॉन या वर्षी करायचीच, असे तू म्हणाला होतास. २०१२ साली ती सुरू झाली तेव्हापासून मी रस्त्याच्या कडेला उभे राहून पाहत आलो आहे, आणि एकदा धावलोही आहे, दोन तास बावन्न मिनिटे लागली. २१ किलोमीटर, त्यातला निम्मा चढ, आणि परतीचा सगळा उतार त्याच नडगीवर. या वर्षी नको. पाच किलोमीटर न थांबता, पाढा म्हणत पळता येऊ लागले की पुढच्या वर्षाचे बोलू.

शुक्रवारी रात्रीच्या गाडीने येतो आहेसच, तर बूट घेऊन ये. तळ कुठल्या बाजूने घासला आहे ते मला पाहायचे आहे. शनिवारी पहाटे सहाला मैदानावर जाऊ. तुझी नडगी दुखते आहे, म्हणून पळायचे नाही, चार फेऱ्या नुसत्या चालायच्या. थंडी आहे, स्वेटर घाल. पाढा आठवत नसेल तर गाडीत एकदा म्हणून पाहा. सत्ते-अठ्ठ्याला तू शाळेतही अडखळत असायचास.

आईचे आशीर्वाद. नाचणीचे पीठ तिने दळून ठेवले आहे.

तुझा,
बाबा