अण्णांच्या छापखान्यातल्या काकांना

तीर्थस्वरूप काका,
साष्टांग नमस्कार.

हे पत्र सगळ्यांना वाचता येईल असं लिहितेय. तुमचं नाव कुठे घालायचं नाही असं तुम्ही बजावलंत, म्हणून घालत नाही. पण आभार मात्र चारचौघांतच मानायचे आहेत. पुण्याच्या पेठांमधल्या छापखान्यांत ज्यांचे वडील उभे राहून म्हातारे झाले अशी माझ्यासारखी पुष्कळ मुलं असतील. त्यांच्या वडिलांच्या शेजारी उभा राहिलेला एखादा काका अजून हयात असेल, तर त्याच्याकडे त्यांनी या आठवड्यातच जावं, एवढंही मला यातून सांगायचं आहे.

अण्णा गेले तेव्हा घरी येणारा प्रत्येक माणूस चांगलंच बोलत होता. देवमाणूस होते. कधी आवाज चढला नाही. आपण बरं नि आपलं काम बरं. सगळं मनापासून होतं आणि आम्हाला त्याचा आधारही वाटला. पण दिवस जात होते तसतसे अण्णा गुळगुळीत होत चालले होते. कुणाच्याही वडिलांबद्दल हेच बोलता आलं असतं. तेराव्याच्या जेवणाला तुम्ही आलात, आईसमोर खुर्ची ओढून बसलात आणि म्हणालात, ‘वहिनी, तुमचा नवरा फार तापट होता हो.’ आई चमकून बघत राहिली आणि मग पहिल्यांदा मोकळेपणी रडली. पन्नास वर्षांच्या संसारात जो माणूस घरात एक शब्द वाढवून बोलला नाही, तो छापखान्यात तापट होता! त्या दिवशी तुम्ही संध्याकाळपर्यंत बसलात. नंतरही येत राहिलात. गुडघे दुखत असताना धायरीहून बस बदलून येत होतात आणि दर वेळी अण्णांचा एखादा नवा तुकडा आमच्या ओटीत टाकून जात होतात.

पानशेतची गोष्ट आम्हाला ठाऊक होती, पण अर्धीच. 12 जुलै 1961 ला धरण फुटलं, खडकवासल्याचं धरणही टिकलं नाही, मुठेचं पाणी शनिवार पेठेत शिरलं, वाड्यातली आमची खोली गेली, आणि पुढे आजी-आजोबा पोरांना घेऊन गोखलेनगरला पूरग्रस्तांसाठी बांधलेल्या अर्धगोल पत्र्याच्या निसन हटमध्ये राहिले. इतकं अण्णा सांगत. त्यानंतर शाळा सुटली आणि छापखान्यात लागलो, हे एका वाक्यात उरकत. त्या एका वाक्यात काय काय होतं ते तुम्ही सांगितलंत.

पाणी ओसरल्यावर तुमच्या छापखान्यात गुडघाभर चिखल होता आणि त्या चिखलात खिळे, म्हणजे छपाईची धातूची सुटी अक्षरं, होते. खिळे ठेवायच्या खणाखणांच्या लाकडी पेट्या, म्हणजे केस, फुगून उकलल्या होत्या. मराठीला काना, मात्रा, वेलांट्या, रफार आणि जोडाक्षरं धरून शेकडो खण लागतात. ते सगळे एकमेकांत सांडून त्यांचा एक गोळा झाला होता. नवा टाइप घ्यायची मालकांची ऐपत नव्हती. म्हणून त्यांनी पेठेतली हाताला काम नसलेली पोरं बोलावली, अंगणात पोती अंथरली आणि खिळे धुवायला बसवलं. आधी पाण्याने, मग रॉकेलने, दातांमधली माती काढावी तशी एकेका खिळ्याच्या फटीतली माती सुईने काढायची. मग अक्षर ओळखून वेगळ्या डब्यात टाकायचं. खिळ्यावरचं अक्षर उलटं, त्यातून चिखलाने माखलेलं. पंधरा वर्षांचे अण्णा त्या पोरांत होते आणि तुम्ही त्यांच्याहून दोन वर्षांनी मोठे. बाकीची पोरं कंटाळून गेली. अण्णा बसून राहिले. पुढे पुढे बघायचीही गरज उरली नाही, अंगठा फिरवून ते सांगत, हा ‘ष’, हा ‘प’. मालकांनी ते पाहिलं आणि डबे संपले त्या दिवशी त्यांच्या हातात खिळ्यांची ओळ जुळवायची कंपोझिंगची स्टिक दिली.

काका, हे ऐकेपर्यंत मला वाटायचं की पुराने अण्णांचं शिक्षण हिरावलं. ते खरं आहेच. पण त्यांची विद्याही त्याच चिखलातून वर आली, हे आम्हाला कुणी सांगितलंच नव्हतं.

घरातल्या कितीतरी गोष्टींचा उलगडा तुमच्यामुळे झाला. अण्णांना पान उलटं वाचता यायचं. आम्हा भावंडांना ती जादू वाटायची. शाळेत बाईंच्या टेबलासमोर उभे राहून, बाईंकडे तोंड असलेल्या रजिस्टरातले माझे गणिताचे गुण ते बाईंनी सांगायच्या आधीच वाचून मोकळे व्हायचे. तुम्ही स्टिक हातात धरून दाखवलंत तेव्हा कळलं. ओळ डावीकडून उजवीकडेच जुळते, पण अक्षरं खाली डोकं वर पाय. ज्याने सारा जन्म तशाच ओळी वाचल्या त्याला टेबलापलीकडचं रजिस्टर म्हणजे रोजचंच पान. जेवणानंतर गुळाचा खडा हवाच, ही सवयही तिथलीच. खिळ्यात शिसं, अँटिमनी आणि कथील. शिसं पोटात जातं त्यावर गूळ, अशी तेव्हाची समजूत होती आणि मालक संध्याकाळी सगळ्यांच्या हातावर खडा ठेवायचे. आई इतकी वर्षं त्यांना साखर लपवून ठेवणाऱ्या मुलासारखं रागवायची.

आता तो तापटपणा. तुम्ही सांगितलेला शुद्धलेखनाचा तंटा मी भावाला फोनवर जसाच्या तसा ऐकवला. साहित्य महामंडळाचे नवे नियम 1962 मध्ये आले, 1972 मध्ये त्यांत आणखी भर पडली, आणि मधली कितीतरी वर्षं छापखान्यात दोन्ही तऱ्हेची हस्तलिखितं येत होती. जुने लेखक ‘घरांत’, ‘पुण्यांत’ असे अनुस्वार देत आणि नवे देत नसत. अण्णांनी नियमांचं पुस्तक पाठ केलं होतं. सातवीत शाळा सुटलेला माणूस, पण अनुस्वाराच्या बाबतीत कुणाला ऐकत नसे. एका वयस्कर लेखकाच्या दिवाळी अंकातल्या लेखाचे सगळे जुने अनुस्वार त्यांनी न विचारता उडवले. ते गृहस्थ प्रूफ घेऊन छापखान्यात आले आणि म्हणाले, माझ्या आईने मला ज्या अक्षरांत शिकवलं त्या अक्षरांत मी लिहीन. अण्णा तडकले. तुम्ही मशीन थांबवून मध्ये पडलात. शेवटी मालकांनी अण्णांना सगळे अनुस्वार परत बसवायला लावले आणि अण्णांनी रात्रभर बसून ते बसवले. ‘चूक त्याचीच होती,’ असं तुम्ही आमच्या तोंडावर म्हणालात. आणि पुढे हेही सांगितलंत की, तेच लेखक पुढच्या वर्षापासून हस्तलिखित घेऊन थेट अण्णांकडे यायचे, कारण आपला मजकूर इतक्या लक्षपूर्वक दुसरं कुणी वाचत नाही हे त्यांना कळलं होतं. तुम्ही नुसतं दुसरं अर्धं सांगितलं असतं तरी चाललं असतं. दोन्ही सांगितलंत म्हणून मला ते पटलं.

श्रावण लागला की अण्णा घरातून नाहीसे होत. गणपती, नवरात्र सगळं दिवाळी अंकांच्या कामात जाई. लहानपणी याचा मला फार राग यायचा. तुम्ही म्हणालात, ‘तुझ्या शाळेच्या फीचे पैसे त्या ओव्हरटाइममधून जायचे, म्हणून तो एकही अंक सोडायचा नाही.’ यावर मी अजून काही लिहू शकत नाही.

आणीबाणीतल्या त्या रात्रीबद्दल मात्र लिहायलाच हवं. तुम्ही परवानगी दिलीत, आणि इतक्या वर्षांनी आता कुणाला त्रास होणार नाही. छापलेल्या कागदावर मुद्रकाचं नाव आणि छपाईचं ठिकाण हवंच, असा तेव्हा 1867 सालचा कायदा होता. तुमच्याकडे आलेल्या त्या पत्रकावर ती ओळ घालायची नव्हती. येरवड्यात माणसं डांबलेली होती, घरी वाट बघणाऱ्या बायका होत्या, आणि त्यांच्यासाठी काहीतरी लिहिलेला तो एकपानी कागद होता. मालक गावाला गेलेले, किल्ली तुमच्याकडे. अण्णांनी मेणबत्तीच्या उजेडात मजकूर जुळवला. मोटारीचा आवाज गल्लीत जाईल म्हणून तुम्ही पट्टा काढून ट्रेडल, ते छपाईचं यंत्र, पायाने चालवलंत. छपाई संपल्यावर गठ्ठा नेणारे आले आणि गेले. पण तुमचं दोघांचं खरं काम त्यानंतर सुरू झालं. जुळवलेल्या खिळ्यांचा फर्मा तसाच राहिला असता तर तोच पुरावा. अण्णांनी ओळ न् ओळ मोडून प्रत्येक खिळा आपापल्या खणात परत टाकला. प्रूफाचे कागद मालकांच्या परसातल्या बंबात गेले. सकाळी छापखाना उघडला तेव्हा काल रात्री तिथे काय लिहिलं होतं हे जगात फक्त तुम्हा दोघांच्या बोटांना माहीत होतं.

आईला अण्णांनी सांगितलं होतं की सत्यनारायणाच्या पोथीचं तातडीचं काम आहे. आईने ते आजवर खरं मानलं होतं. मागच्या वर्षी तुमच्या तोंडून खरी गोष्ट ऐकल्यावर तिला अभिमान वाटेल असा माझा अंदाज होता. तसं झालं नाही. ती भडकली. मोठी तेव्हा अंगावर पीत होती, तुम्हाला धरून नेलं असतं तर मी कुणाच्या दारात जाणार होते, असं ती भिंतीवरच्या फोटोला उद्देशून बोलली. दोन दिवस तिने फोटोला हार बदलला नाही. तुम्हाला वाटलं, आपण उगाच बोललो. तुम्ही फोन करून माफी मागितलीत.

काका, तुम्ही आम्हाला दिलेली सर्वांत मोठी गोष्ट तीच आहे, म्हणून ती माफी मी परत करतेय. गेलेल्या माणसावर नव्याने रागावता यावं, त्याला जाब विचारावासा वाटावा, हे किती घरांच्या नशिबी येतं? आईसाठी अण्णा त्या दोन दिवसांत हार घातलेला फोटो उरले नव्हते. तो तिचा नवरा होता, तिला न सांगता काहीतरी करून पहाटे काळ्या हातांनी घरी आलेला. तिसऱ्या दिवशी तिने हार बदलला आणि मला म्हणाली, ‘मला सांगितलं असतं तर मी अडवलं नसतं गं.’ हे वाक्य तिच्या मनात येण्यासाठी तुमची गोष्ट लागली.

छापखान्याचा शेवट अण्णा कधीच बोलले नाहीत. ऑफसेट आलं, मग कॉम्प्युटरवर अक्षरं जुळू लागली, आणि डोळे अधू झाले म्हणून काम सोडलं, असं आम्ही धरून चाललो होतो. त्यांचे डोळे ठणठणीत होते, हे तुमच्याकडून कळलं. खिळे वितळवण्यासाठी किलोवर विकले गेले. काट्यावर पोती चढवायला अण्णा स्वतः उभे होते, कारण नवख्या हमालांनी केस आपटल्या असत्या. वितळवायलाच निघालेला टाइप, तरीही! नंतर ते त्या गल्लीतून जायचं टाळत. शेवटच्या पगारातून पैसे वळते करून त्यांनी एक केस विकत घेतली होती. ती आमच्या माळ्यावर होती. आत काय आहे हे कुणी बघितलं नव्हतं, नुसती जड म्हणून दर दिवाळीला सफाईत शिव्या खायची.

तुम्ही ती खाली उतरवायला लावलीत. माझ्या मुलाला शेजारी बसवून एकेक खिळा पुसून घेतलात, कुठला खण कशाचा ते शिकवलंत. जे अक्षर जास्त लागतं त्याचा खण मोठा आणि हाताजवळ, हे त्याला इतकं आवडलं की तो शाळेच्या वहीत अक्षरं मोजत बसला. आणि काही खण रिकामे का, असं त्याने विचारल्यावर तुम्ही क्षणभर विचार करून म्हणालात, ‘ते मला ठाऊक नाही.’ मला तुमचं हे वाक्य फार मोलाचं वाटतं. तुम्ही सांगितलेलं बाकी सगळं मी डोळे मिटून खरं मानते, ते या वाक्यामुळे.

भावाने बंगळूरला तुमच्या आवाजातली सगळी रेकॉर्डिंग्ज नीट तारखा घालून ठेवली आहेत. मी ती लिहून काढतेय. लिहिताना शंका येतात, त्या वेगळ्या कागदावर टिपल्या आहेत. रात्रपाळीला चहा कुठून यायचा, मालकांच्या आईला सगळे काय म्हणत, आणि 1977 च्या निवडणुकीनंतर तुम्ही दोघं काही महिने एकमेकांशी बोलत नव्हता ते कशावरून. हे शेवटचं तुम्ही एकदा ओझरतं बोललात आणि विषय बदललात. सांगावंसं वाटलं तर सांगा. भांडणाचं असलं तरी चालेल, आईची तयारी आहे.

भाऊ दिवाळीत येतोय. बसने येऊ नका, तो गाडी घेऊन धायरीला येईल. काकूंनाही आणा. आई म्हणते, जेवूनच जायचं.

तुमची,
अण्णांची धाकटी