गेममधले विकतचे संगीत आणि परवान्याचा तक्ता

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

नाशिकमध्ये इंजिनिअरिंग आणि ॲनिमेशनची मुले दोघे-तिघे मिळून स्वतःचे गेम काढू लागली आहेत. चित्रे, थ्रीडी मॉडेल, आवाज आणि संगीत ती युनिटी ॲसेट स्टोअर, फॅब किंवा इच डॉट आयओ या ऑनलाइन दुकानांतून तयार संचांत, म्हणजे ‘पॅक’मध्ये, घेतात. याला नाके मुरडणाऱ्यांशी मी सहमत नाही. झाड, दगड, दरवाजा सगळे हाताने करायचे ठरवले तर दोन माणसांचा गेम पुरा व्हायचा नाही. मात्र पॅक घेतला म्हणून तो आपल्या मालकीचा होत नाही, वापरण्याचा परवाना तेवढा मिळतो. गट फसतात ते इथे.

प्लेसमेंटला दाखवायचे म्हणून अख्खा प्रोजेक्ट गिटहब या कोड ठेवण्याच्या साइटवर सार्वजनिक केला जातो आणि त्यात पॅकच्या मूळ फायली जशाच्या तशा असतात. गेममध्ये बांधून दिलेले चित्र चालते. मूळ फाइल कुणालाही उतरवता येईल अशी ठेवणे म्हणजे पुनर्वितरण, आणि त्याला या दुकानांची सहसा मनाई असते. नंतर फोल्डर डिलीट करून भागत नाही, जुन्या कमिटमध्ये, म्हणजे आधी साठवलेल्या आवृत्त्यांत, सगळे शिल्लक राहते. रिपॉझिटरी (गिटहबवरचे प्रोजेक्टचे भांडार) खासगी करावी, नाहीतर ‘गिट फिल्टर-रेपो’ या साधनाने इतिहासातूनच फायली काढाव्यात.

संगीताचा घोळ याहून किचकट. संगीतकाराने तोच ट्रॅक वितरकामार्फत यूट्यूबच्या कंटेंट आयडीत (व्हिडिओतले नोंदवलेले संगीत आपोआप ओळखणाऱ्या यंत्रणेत) नोंदवला असेल, तर पावती तुमच्याकडे असूनही दावा येतो तो गेम खेळून दाखवणाऱ्या यूट्यूबरवर. त्याची कमाई अडकली की तो तुमच्या गेमकडे पुन्हा कशाला वळेल? घेण्याआधी विक्रेत्याला लेखी विचारावे आणि सेटिंगमध्ये असे संगीत बंद करायची सोय ठेवावी. फ्रीसाउंड या आवाजांच्या साइटवरचे ‘नॉन-कमर्शियल’ परवान्याचे आवाज फुकट असले तरी विक्रीच्या गेममध्ये चालत नाहीत. लूपसाठी, म्हणजे सलग पुन्हापुन्हा वाजणाऱ्या संगीतासाठी, एमपी३ टाळावे: एन्कोडर टोकांना थोडी शांतता जोडतो आणि दर फेरीला संगीत तुटते. मूळ वेव्ह फाइलवरून ओजीजी करावी. निरनिराळ्या पॅकमधले ट्रॅक ऑडॅसिटी या ध्वनिसंपादन सॉफ्टवेअरच्या लाउडनेस नॉर्मलायझेशनने एकाच पातळीवर आणावेत, समजा उणे १८ एलयूएफएस (कानाला जाणवणारा आवाज मोजायचे एकक).

मिरवणुकीचा प्रसंग आला की मुले हमखास ‘नाशिक ढोल’ म्हणून यूट्यूबवरचा तुकडा उचलतात. ताल परंपरेचा असला तरी ध्वनिमुद्रण कुणाचे तरी असते. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याने त्याला प्रसिद्धीनंतर ६० वर्षे संरक्षण आहे, शिवाय वादकांचे वेगळे हक्क ५० वर्षांचे. गणेशोत्सवाआधी शहरात पथकांचा सराव चालतोच. पथकाची लेखी परवानगी घेऊन तिथेच मुद्रण करणे कितीतरी बरे. टिपरू पडताच फोनचा ऑटो गेन (ध्वनिमुद्रणाची पातळी आपोआप बदलणारी सोय) आवाज दाबतो, म्हणून हातातला रेकॉर्डर घ्यावा: ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट, आणि सर्वांत मोठा ठोका रेकॉर्डरच्या मीटरवर उणे १२ डेसिबलच्या आसपास राहील एवढाच गेन. एकेक थाप आणि टिपरू सुटेही टिपून ठेवावे, पुढे गेमच्या वेगाप्रमाणे ताल बांधता येतो.

चित्रांत १६ पिक्सेलच्या टाइलशेजारी ३२ पिक्सेलचे पात्र ताणून बसवले की जोडकाम लगेच डोळ्यांत भरते. एकच माप आणि एकच रंगपट धरावा. यूआरपीत, म्हणजे युनिटीच्या नव्या चित्रण-पद्धतीत (पाइपलाइनमध्ये), मॉडेल गुलाबी दिसले तर फाइल बिघडलेली नसते, शेडर (पृष्ठभाग कसा दिसावा ते ठरवणारा कोड) जुन्या पाइपलाइनचा असतो. युनिटीतला कन्व्हर्टर साधी मटेरियल बदलतो, विक्रेत्याचे खास शेडर नाही.

पहिल्या पॅकपासून तक्ता ठेवावा: नाव, निर्माता, दुकान, तारीख, पावती, त्या दिवशीच्या परवान्याची पीडीएफ आणि श्रेयनामावलीतली ओळ. विक्रेत्याने पान काढून टाकले तर दाखवायला हेच हाताशी राहते. शहरातील महाविद्यालयांनी अंतिम वर्षाच्या गेम प्रोजेक्टच्या अहवालाला हा तक्ता जोडणे सक्तीचे करावे, ही कळकळीची विनंती.

– एक गेम डेव्हलपर, इंदिरानगर, नाशिक