‘लाँग फिलर’ म्हणून विकलेल्या सिगारच्या पेटीबाबत तक्रार

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक तक्रार विभाग
(आयातदार व वितरक)

विषय : दहा सिगारची पेटी, छापील किंमत ३,५०० रुपये. लेबलाशी न जुळणारा माल, कीड व बुरशी.

महोदय,

‘रोबुस्टो, ५ इंच × ५० रिंग, हाताने वळलेला, १०० टक्के लाँग फिलर’ (रोबुस्टो म्हणजे आखूड, जाड सिगार) असे छापलेली आपली पेटी फोर्टमधील दुकानातून पक्क्या पावतीवर घेतली. नगाला ३५० रुपये पडले. या भावात हवानाच्या उंची सिगारची चव कोणी मागत नाही. स्वस्त सिगारकडून तीनच अपेक्षा असतात : ओढ मोकळी असावी (धूर सहज ओढता यावा), सिगार सरळ जळावा आणि पेटीवर लिहिले आहे तेच आत असावे.

आधी फिलरचे, म्हणजे आतल्या भरणाचे. लाँग फिलर म्हणजे तंबाखूच्या पानाच्या अखंड पट्ट्या, पेटवायच्या टोकापासून टोपीपर्यंत (तोंडात धरायच्या बंद टोकापर्यंत) सलग. दोन सिगार ब्लेडने उभे चिरले. बाहेर एकच लांब पान गुंडाळलेले आणि आत अर्ध्या ते एक सेंटिमीटरचे तुकडे, जाड शिरा व भुकटी. याला मिश्र फिलर म्हणतात. तो वाईट असतोच असे नाही. नीट भरला तर दीडशे-दोनशे रुपयांना चांगला सौदा ठरतो. पण कणी कणीच्या भावात विकावी, बासमतीची चिठ्ठी लावून नव्हे. राख लवकर गळणे हा मिश्र फिलरचा पुरेसा पुरावा नाही, कारण हात हलला तरी राख पडते. म्हणूनच चिरून पाहिले. कापलेल्या भागांचे फोटो मोजपट्टीसह जोडले आहेत.

मापही कमी आहे. रिंग हे सिगारच्या जाडीचे माप; ५० रिंग म्हणजे ५०/६४ इंच, सुमारे १९.८ मिलिमीटर. व्हर्नियरवर सिगारचा व्यास १८ मिलिमीटरच्या आसपास भरतो, म्हणजे जेमतेम ४५ रिंग. फरक किरकोळ वाटेल, पण आडव्या छेदाचे क्षेत्रफळ व्यासाच्या वर्गानुसार घटते. तेवढ्याच लांबीत सुमारे १७ टक्के तंबाखू कमी आला. आणि हे मोजमाप सिगार ओलसर, फुगलेले असताना घेतलेले आहे!

ओलसरपणाबाबत दुकानदाराचे उत्तर होते, “पावसाळा आहे, होतंच असं.” मुंबईच्या पावसाळ्यात हवेतील आर्द्रता ८५ टक्क्यांवर जाते, हे आयातदाराला ठाऊक असायला हवे. पेटी उघडताच सिगार हवाबंद बरणीत आर्द्रतामापकासह ठेवले. मापक आधी ओल्या मिठावर तपासून घेतला होता; बंद डब्यात ओले मीठ ७५ टक्के दाखवते. बरणीतील आकडा ७८ वर स्थिरावला. सिगारला ६५ ते ७० लागतात. त्यापुढे पान फुगते, धूर कडवट होतो, सिगार वारंवार विझतो.

मात्र ओढ घट्ट लागते, त्याचे सगळे खापर आम्ही ओलीवर फोडत नाही. उरलेले सिगार आर्द्रता ६५ टक्क्यांवर राखणाऱ्या पाऊचसोबत, वजन घटायचे थांबेपर्यंत ठेवले. त्यानंतर काहींची ओढ मोकळी झाली. तीन मात्र तसेच राहिले. बोटांनी चाचपले की टोपीखाली साधारण तीन सेंटिमीटरवर कडक गाठ लागते आणि त्याखालचा भाग पोकळ. हा वळणीतला दोष आहे. गाठीपाशी धूर अडतो, पोकळीपाशी सिगार एका अंगाने भराभर जळतो आणि रॅपर (सर्वांत बाहेरचे पान) फाटतो. काडीने भोक पाडून पाहिले तर तोंडात चुराच आला.

आता कीड. दोन सिगारवर दीड-दोन मिलिमीटरची गोल, स्वच्छ कडांची भोके आहेत आणि सेलोफेनच्या तळाशी बारीक भुगा. हे तंबाखूच्या भुंगेऱ्याचे काम (लॅसिओडर्मा सेरिकॉर्न). कीड दुकानात लागली असे आपले म्हणणे असेल, तर सेलोफेन तपासावे : त्यावर एकही भोक नाही. म्हणजे अंडी बहुधा सेलोफेन चढवण्यापूर्वीच पानात होती. मुंबईची उष्णता त्यांना पोसायला पुरेशी आहे. त्यामुळे माल आल्यावर उणे २० अंशांना काही दिवस गोठवून, मग साध्या फ्रीजमधून हळूहळू बाहेर आणणे ही आयातदाराची जबाबदारी. घाईने बाहेर काढला तर रॅपर तडकतो.

एका सिगारच्या पेटवायच्या टोकाशी हिरवट, केसाळ ठिपके आहेत. दुकानदार त्याला ‘जुन्या सिगारचं फूल’, म्हणजे मुरलेल्या पानावर येणारा निरुपद्रवी थर, म्हणाला. पुसल्यावर डाग राहतो आणि कुबट वास येतो, तेव्हा ती बुरशीच.

लेबलाबद्दल एवढेच : मूळ महिना-वर्षावर दुसरे स्टिकर चिकटवले आहे. वैध मापन (आवेष्टित वस्तू) नियम, २०११ नुसार महिना-वर्ष, आयातदाराचे नाव-पत्ता, कमाल किंमत आणि तक्रारीसाठी संपर्क ग्राहकाला वाचता आला पाहिजे.

आमच्या मागण्या : पेटीची पूर्ण किंमत परत द्यावी. पेटी बदलून नको. त्याच लॉटची दुसरी पेटी घेऊन काय करणार? या लॉटचा दुकानांतील माल परत मागवून तपासावा. ‘१०० टक्के लाँग फिलर’ व ‘५० रिंग’ हे शब्द लेबलावरून काढावेत, किंवा त्याप्रमाणे माल द्यावा. लेखी उत्तर १५ दिवसांत मिळावे. न मिळाल्यास राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर नोंद करून जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाऊ. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ प्रमाणे तक्रारदार राहतो त्या जिल्ह्यातही दावा दाखल करता येतो, तेव्हा आपले कार्यालय कुठे आहे याने फरक पडत नाही.

भोके पडलेले दोन्ही सिगार सेलोफेन न काढता, पारदर्शक डब्यात बंद करून ठेवले आहेत. तपासणीसाठी आपला प्रतिनिधी पाठवावा. पोचपावती दिल्याशिवाय ते दिले जाणार नाहीत.

सोबत : पावतीची प्रत, पेटीचे व लेबलाचे फोटो, चिरलेल्या सिगारचे व मोजमापाचे फोटो.

आपला ग्राहक,
दादर, मुंबई